अहिंसक तोफ

८ जानेवारी २००६, रविवार

निफाडला मीनाच्या भावाच्या, खंडेरावच्या, द्राक्षबागेत गेलो होतो. मन अस्वस्थ. पाखरं राखायला सुरगाण्याकडचा बारकू आणि त्याची बायको भागीबाई आहेत. बारकूच्या गोफणीचा दगड एका साळुंकीला बसला. ती माझ्या पायाशी पडली. एक पंख थोडा वेळ हलत होता.

बारकूला विचारलं, का मारलीस? म्हणाला, "मारली नाय मास्तर. हाकलत होतो. तीच मधी आली."

खंडेरावला सांगितलं, हे बंद कर. तो म्हणाला, "दाजी, माल तयार होत आलाय. चोच मारलेला एक मणी दिसला तरी एक्स्पोर्टवाले पेटी परत करत्यात. वर्षाची मेहनत हाये. पाखरांना नॅपकिन लावून जेवायला बसवू का?"

मी पॉलिटेक्निकमध्ये डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. या प्रश्नाला अहिंसक उत्तर असलंच पाहिजे आणि ते मीच शोधायचं. संकल्प. सोबत दुसरा संकल्प: हे काम होईपर्यंत रागवायचं नाही. सुरुवात स्वतःपासून.

(येताना एसटीत एकाला कोपर लागलं. दोनदा. पण खिडकी माझी होती.)

१० जानेवारी

लॅबच्या कपाटातून डेव्हलपमेंट बोर्ड घरी आणला, रीतसर सही करून. तळहाताएवढा. मधोमध प्रोग्रामेबल लॉजिकची चिप, कडेला बटणं आणि दिवे. सर्किट कसं हवं ते कॉम्प्युटरवर लिहायचं, केबलमधून चिपमध्ये उतरवायचं, की आतल्या आत जोडण्या तशा होतात. चटके नाहीत, धूर नाही. हे तंत्रज्ञान मुळातच अहिंसक आहे.

योजना: लोखंडी नळी, तिच्यात थोडा गॅस, ठिणगी. नुसता आवाज. पाखरू उडेल, मरणार नाही. मात्र ठरावीक वेळाने आवाज झाला तर पाखरं सरावतात. म्हणून चिप स्वतः उलटसुलट आकडे काढेल. कधी तीन मिनिटांनी बार, कधी आठ, कधी पाच. पाखरांना हिशेब लागणार नाही.

मीनाला समजावून सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे तोफच ना?" नाही. तोफेत गोळा असतो.

१४ जानेवारी, संक्रांत

प्रोग्राम चिपमध्ये उतरेना. स्क्रीनवर सारखं तेच, केबल सापडत नाही. केबल समोर दिसते आहे!

मी कीबोर्ड आपटला नाही. ठेवला. जरा उंचावरून. त्याची स्पेसबार कपाटाखाली गेली. मीना हलव्याची वाटी घेऊन आली. म्हणाली, "अहो, आज तरी गोड बोला." मी गोडच बोललो. वाटी हाताच्या आड आली. 'फेकली' हा तिचा शब्द आहे. हलवा अजून पायाला टोचतोय.

संध्याकाळी उलगडा झाला. केबलचं दुसरं टोक प्रिंटरला होतं.

मी रागीट आहे का, यावर बराच विचार केला. रागीट माणसाला असा प्रश्न पडत नाही.

१८ जानेवारी

जमलं! रीसेट दाबलं, दिव्यांनी उलटसुलट आकडे दाखवायला सुरुवात केली. बंद केलं, चालू केलं, रीसेट दाबलं, पुन्हा जमलं. दहा वेळा. माझा हात आपोआपच रीसेटवर जातो. विद्यार्थ्यांनाही मी हीच शिस्त लावली आहे.

बोर्ड कॉलेजात नेऊन सहकारी दिनेश सरांना दाखवला. ते म्हणाले, "पण सर, शेतात दिवसातून चार वेळा लाइट जाते-येते, तेव्हा..." डस्टर मी मारला नाही. हातातून सुटला. त्यांच्या शर्टावर खडूचा चौकोन उमटला. प्रश्न काय होता ते राहूनच गेलं. नकारात्मक असणार.

२२ जानेवारी, रविवार

बागेत जोडणी केली. बोर्ड डब्यात, डबा खांबावर. मेन स्विच नळीच्या तोंडासमोर बसवला, कुठूनही दिसावा म्हणून. रीसेट दाबलं. पाच मिनिटांनी पहिला बार.

पंपघराची काच गेली. माझा डावा कान तेव्हापासून शिट्टी मारतोय. पण सगळी बाग एका क्षणात मोकळी, आणि एकही पाखरू मेलं नाही. खंडेरावचा कोंबडा मेला. मात्र तो द्राक्षं खात नसे, त्यामुळे प्रयोगात धरता येत नाही.

बारकूला मीच सांगितलं, आता गोफणीची गरज नाही. अहिंसेबद्दल चार शब्द बोललो. त्याने गोफण पंपघरात खुंटीला लावली आणि शेजारच्या सहादूच्या बागेत कामाला गेला. जाता जाता भागीबाई म्हणाली, "मास्तर, कोंबडा तरी शिजवा. वाया नका घालवू." मुद्दा तिच्यापर्यंत पोचला नसावा.

२९ जानेवारी, रविवार

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

बागेत पोचलो तेव्हा लोडशेडिंग चालू होतं. आठवडाभर ते रात्री, यंत्र बंद असताना व्हायचं आणि सकाळी खंडेराव रीसेट दाबून सुरू करायचा; आज पहिल्यांदाच दिवसा. नळी गप्प. साळुंक्या घडांवर. खंडेराव पत्र्याचा डबा बडवत धावत होता. मी म्हणालो, लाइट येऊ दे, मग बघ.

लाइट आली.

तिथल्या तिथे बार. लगेच दुसरा. तिसरा. थांबेच ना. नळी प्रत्येक धक्क्याला वळत वळत पंपघराकडे तोंड करू लागली. ट्रॅक्टरवर खंडेरावचा गडी सोमा होता, त्याने सरळ उडी टाकली. ट्रॅक्टर तसाच मांडवाच्या खांबावर गेला. तारा तुटल्या. एक अख्खी ओळ घडांसकट आडवी झाली. खंडेराव ओरडत होता, "दाजी, बंद करा ते! आईशप्पथ, बंद करा!" बंद करायचा स्विच अजून नळीच्या तोंडाच्या टप्प्यातच.

कारण मला तिथेच, त्या आवाजात, कळलं. आकडे काढायला चिपला सुरुवातीचा एक आकडा लागतो. तो रीसेटच्या बटणाने बसतो. टेबलावर बटण मी दाबत होतो. इथे लाइट आल्यावर कुणीच दाबलं नाही. शून्यापासून सुरुवात, आणि पुढचा आकडा मागच्यातूनच निघतो, म्हणून पुढेही शून्यच. दोन बारांमध्ये थांबायचा वेळ: शून्य. सर्किट बरोबर होतं.

मी खुंटीची गोफण घेतली. नेम बोर्डाच्या डब्यावर होता. खंडेराव त्याच वेळी रांगत स्विचकडे निघाला होता. दगड त्याच्या कपाळाला लागला. तो आडवा झाला.

मग मी मागच्या बाजूने धावलो आणि फावड्याने बोर्ड बंद केला. बंद झाल्यानंतरही काही घाव बसले. खात्री करण्यासाठी. तोंडातून काही शब्द गेले, ते इथे लिहीत नाही.

खंडेराव उठला. डोळ्यांत रक्त उतरलेलं, गालावरून खाली आलेलं. त्याने माझी कॉलर धरली आणि मोजदाद न करता मारलं. मीना मध्ये पडली. तिचीही एक बसली. म्हणजे मला, तिने मारलेली.

३१ जानेवारी

खंडेरावच्या कपाळाला टाके. चक्कर येते, डॉक्टरांनी उठायला मनाई केली आहे. बाग उघडी. माल काढायला आठवडा. बारकूला निरोप पाठवला, पण त्याने सहादूला शब्द दिलाय. तो तिकडून हाकलतो ती सगळी पाखरं बांध ओलांडून आमच्याकडे येतात.

मीना एकच वाक्य बोलली. "रजा टाका आणि उभे राहा."

रजा टाकली.

प्रामाणिकपणे स्वतःला तपासलं. डस्टर: सुटला. दगड: अपघात. फावडं: तांत्रिक उपाय. हलवा: वादग्रस्त. मी हिंसक आहे असं यातून सिद्ध होत नाही.

४ फेब्रुवारी

मचाणावर पहाटेपासून. ओरडून घसा बसला. साळुंक्या मान वाकडी करून माझ्याकडे बघतात आणि खातात. निरुपद्रवी आवाजांचा उपयोग नाही, म्हणून गोफण. फक्त धाकासाठी. पहिला दगड माझ्याच नडगीला. दुसऱ्याने पंपघराची उरलेली काच गेली. भागीबाई पलीकडे पदर तोंडाला लावून हसत होती. बारकू ओरडला, "मास्तर, मनगट ढिलं सोडा! पळीनं आमटी वाढताय का?"

मी लक्ष दिलं नाही.

७ फेब्रुवारी, दुपार

उद्या पहाटे माल निघणार. उरलेल्या ओळी शाबूत. खंडेराव खाटेवरूनच विचारतो, "किती घड फोडले?" आज शून्य, असं सांगितलं. तो शब्द ऐकून त्याने तोंड फिरवलं.

सकाळी मोठा थवा उतरला. मी दगड सोडला. एक साळुंकी पडली. जवळ जाऊन पाहिलं. एक पंख थोडा वेळ हलत होता.

बांधावरून बारकूने विचारलं, "मारली का, मास्तर?"

मी म्हणालो, मारली नाही. हाकलत होतो. तीच मध्ये आली.

वाईट वाटलं असं लिहायला वही उघडली होती. वाटेल, संध्याकाळपर्यंत. खरं ते लिहायचं तर, दगड लागला तेव्हा मी "लागला!" असं ओरडलो होतो, आणि भागीबाईने ते ऐकलं आहे.

मनगट खरंच ढिलं सोडावं लागतं.