शेवटचा ठोका

३ ऑक्टोबर

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

पक्षाघाताने बाबांची वाचा गेली त्याला दोन महिने झाले. डॉक्टर म्हणतात, समजही उरलेली नाही, शुश्रूषागृहात ठेवा. तिथली खाट अकरा तारखेपर्यंत अडवून ठेवली आहे. मीच होकार देऊन बसलोय.

त्यात हे नवं खूळ. दिवसभर चमच्याने टेबल बडवतात. दोन हळू, एक जोरात. पुन्हा दोन हळू, एक जोरात. तुझी वहिनी म्हणते, जेवणाचा राग आहे. काल माझं डोकं फिरलं आणि मी चमचा हिसकावून घेतला. तेव्हापासून माझीच मला लाज वाटतेय. काय करू, लगेच कळव.

तुझा दादा

६ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. नमस्कार.

आधी चमचा परत दे! अरे, राग कसला, बाबा शिकवताहेत. फ्रेंच क्रियापदं ते मला अशीच तोडून शिकवायचे. एका अक्षराला एक ठोका, आणि जोर शेवटच्यावर. मी सवयीने पहिल्यावर जोर द्यायचे आणि कान पिळून घ्यायचे. तू तेव्हा रंधा घेऊन पसार झालेला असायचास.

त्यांच्यासमोर बस आणि ‘रेस्तरों’ म्हण, म्हणजे ‘आम्ही राहू’. रेस्, त, रों. शेवटचं मात्र त्यांच्यासाठी सोड. त्यांनी पुरं केलं नाही, तर अकराला पाठव. मी चकार शब्द काढणार नाही. जिवाला घोर लागलाय.

धाकटीवर लोभ आहेच, तो वाढवावा.

चिमणी

११ ऑक्टोबर

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तीन दिवस हरलो. मी पहिल्याच अक्षरावर जोरात हाणायचो आणि बाबा माझा हात ढकलून भिंतीकडे तोंड फिरवायचे. जन्मभर त्यांना ऐकवत आलो ना, मी सुतार माणूस, मला तुमची भाषा नको म्हणून!

आज गाडी दारात आल्यावर एकदम खिळा आठवला. खिळा धरेपर्यंत मी ठोके हळूच मारतो, शेवटचा दणकून. तसंच म्हटलं. रेस्. त. आणि हात वर धरून थांबलो. बॅग भरता भरता तुझी वहिनीही थांबली.

बाबांनी चमचा आपटला. ओठ थरथरले, आणि घोगरं, वाकडं, पण स्पष्ट ‘रों’ आलं. मी ढसाढसा रडलो. गाडी रिकामी परत पाठवली.

मग त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि उच्चार चुकला म्हणून माझा कान पिळला. आयुष्यात पहिल्यांदाच.

आम्हां दोघांवर माया असू दे.

तुझा दादा