अकरा चित्रे, खळीने लावलेली

दि. १४ मार्च, सोमवार

चिरंजीव धाकट्यास अनेक आशीर्वाद.

येथे सर्व क्षेम आहे. तुझ्या वहिनीच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?" माझा गुडघा पूर्ववत कुरकुरतो.

प्रदर्शन संपले. काल चित्रकाराच्या पत्नी आपली अकरा चित्रे परत न्यायला आल्या. पतीच्या पश्चात त्यांनी ती कुणाच्याही हाती दिली नव्हती. माझ्या शब्दावर दिली होती.

त्यांच्यासमोरच मी ती पुठ्ठ्यांवरून सोडवू लागलो. तुला शिकवले होते ते स्मरत असेल: केवळ वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने, ओला टिपकागद धरताच सुटाव्यात आणि मागे खूण उरू नये. परक्याची ठेव जशी आली तशी परत जावी, ही शास्त्राज्ञा मी कागदापुरती तरी आयुष्यभर पाळली. आठ चित्रे तशीच सुटली. नववे सुटेना.

खळ नव्हतीच. चारी कडांना दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी होती.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी तू म्हणाला होतास, "दादा, तुमची खळ वाळेपर्यंत चित्रकार पुनर्जन्म घेऊन येईल. तुम्ही जपाला बसा, उरलेली तीन मी खळीनेच लावतो." मी बसलो. उठून अकराही चित्रांखाली, पुठ्ठ्यावर, 'खळीने लावले' असे लिहून सही केली. खालची कड बोटाने उचलली असती तरी कळले असते. पण भावाचे काम तपासणे मला कमीपणाचे वाटले.

मी तिथेच थांबायला हवे होते. त्या पाहत होत्या, म्हणून पातळ पाते सरकवले. चित्रात नदीकाठी बसलेली तरुणी आहे, त्या स्वतःच. कागद फाटला तो तिच्या खांद्यापर्यंत. उरलेल्या दोहोंना मी हात लावला नाही.

त्यांनी आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, "हे तुम्हीच लावलं होतंत ना?"

मी "हो" म्हणालो.

ते "हो" माझे होते. त्याचा दोष तुला देत नाही. परंतु फोनवर तुला हे सांगितल्यावर तू उत्तरलास, "हो म्हणालात ना? मग मिटलं की." इतक्या वर्षांच्या सहवासात माझ्या वाणीची एवढीच किंमत तुला कळली, हे मला त्या क्षणी समजले. मी फोन ठेवला.

सोबत त्यांना लिहिलेले पत्र आहे. पाकीट बंद केलेले नाही. माझे असत्य त्यात स्पष्ट लिहिले आहे. शेवटची तीन चित्रे कुणी लावली, तेथे नावापुरती जागा सोडली आहे. ती स्वतःच्या अक्षराने भर आणि स्वतः नेऊन दे. गुरुवारपर्यंत गेला नाहीस, तर मी जाईन आणि ते नाव त्या माझ्या तोंडून ऐकतील.

तुझाच, परंतु यापुढे तुझ्या वतीने एक शब्दही न बोलणारा,
दादा