दारात थांबवलेला गाडा

९ जुलै १९५६, सोमवार

रोज भात करते म्हणून आळीत आम्ही श्रीमंत ठरलो! इथे भात सणासुदीला, एरवी भाकरी. आमटीत खोबरं वाटून घातलेलं पाहून घरमालकीण छबूबाई हळहळल्या — "नारळ द्येवाला ठिवायचा, कालवनात घालायचा व्हय गं?" आमच्या गुहागरला नारळाला कोण विचारतं? चिखलीत आल्यापासून माझं रोज काहीतरी चुकतंच. ह्यांना हसू येतं. ह्यांचं काय जातं, सायकल काढली की पिंपरीच्या कारखान्यात. दिवसभर इथे मी असते.

१४ जुलै

पलीकडच्या गावात पटकीची साथ आली म्हणे, जुलाब-उलट्यांनी माणसं जाताहेत. दुपारभर छबूबाईंच्या नातीला घेऊन बसले होते. मंजुळा — दीड वर्षाची, माझ्या बांगड्या ओढते. ती आहे म्हणून इथे करमतं तरी.

छबूबाई जाता जाता म्हणाल्या, मंगळवारी मरीआईचा गाडा हाय. मी पुढे काही विचारलं नाही. विचारीन सवडीने.

१७ जुलै, मंगळवार

भलतंच होऊन बसलं आज.

हलगी ऐकली आणि ताट घेऊन दारात गेले. लहानसा गाडा, वर हिरवं लुगडं नेसवलेली देवी. आमच्याकडे शिमग्यात पालखी दारी येते. तिला थांबवायचं, ओटी भरायची, घरात बसवायचं — जन्मभर तेच पाहिलंय. मी गाड्यापुढे पाणी घातलं, ओटी भरली, म्हटलं, "आई, घटकाभर माझ्या घरात टेक."

हलगी बंद पडली. तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं — आळीतली सगळी दारं लावलेली. गाडा ओढत होता छबूबाईंचा मुलगा सयाजी, मंजुळाचा बाप. त्याचं तोंड पांढरंफटक. "वैनी, काय केलंत ह्ये? रोगराई शिवंभाईर घालवाया निघालो आमी, अन् तुमी तिला घरात बोलावताय?"

गाडा पुढे गेला. पण ती गेली का? कोणाला विचारू?

१८ जुलै

विहिरीवर गेले तशा बाया घागरी उचलून बाजूला झाल्या.

१९ जुलै

हे म्हणतात, सगळा खुळेपणा. पिंपरीत खोली बघू. मलाही पटतं ते — उजेड असेपर्यंत. तिन्हीसांजेला देव्हाऱ्यापुढे बसले तर पाठीमागे कोणीतरी बसलंय असं वाटत राहिलं. वळून बघायचा धीर झाला नाही.

२० जुलै

मंजुळाला जुलाब, उलट्या. भिंतीपलीकडून तिचं रडणं येतंय, आता तेही बारीक झालं. आमचे हे त्यांच्या दारी सांगायला गेले — पिंपरीला दवाखान्यात न्या, डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत. छबूबाईंनी आतून कडी घातली. "आईचा कोप हाय ह्यो. सुई टोचली तर पोर हातची जाईल."

पोरीला काही झालं तर मीच मारली म्हणतील. आणि खरंच मीच — लिहवत नाही.

२१ जुलै

सकाळी दार वाजलं. मला वाटलं, घर सोडा म्हणून सांगायला आले. तर छबूबाई. मंजुळाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या पायांवर डोकं टेकलं. "तुज्या घरात ऱ्हायलीया ती. तुजं ऐकंल. इचार तिला, काय पायजे."

पोरीचे डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. मी डोळे मिटून घेतले. "आई म्हणते, गाडी जुंपा. पिंपरीला दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

छबूबाई उठून सयाजीला हाका मारत गेल्या. सयाजीने बैल जोडले.

देवीच्या नावावर खोटं बोलले मी. त्याचं पाप लागायचं तर मला लागू दे, पोरीला नको.

२२ जुलै

मंजुळा वाचली! निरोप आला तेव्हा मी ढसाढसा रडले.

डोळे पुसून दार उघडलं तर अंगणभर बाया, कडेवर मलूल पोरं. छबूबाईंनी पुढे होऊन, अंगात देवी येणाऱ्या बाईला भरतात तसा, माझा मळवट भरला. मी मोठ्याने सांगितलं, ते खोटं होतं, मी मनाचंच बोलले. सगळ्यांनी हात जोडले.