बाबांची सही

सोमवार, ८
परदेशातल्या सत्रासाठी निवड झाली! आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या दुसऱ्या वर्षातून आम्ही दोघीच — मी आणि माझी मैत्रीण, बडबडी. फॉर्म शुक्रवारी पाचपर्यंत द्यायचाय. आनंद झालाय की आणखी काही, कळत नाही. बाबांच्या सहीशिवाय कसा देणार? आणि ते कसले पाठवतात!

मंगळवार, ९
वाटाघाटींचं प्रात्यक्षिक. मी फरशा विकणारी, बडबडी परदेशी गिऱ्हाईक. भाव पाडून पाडून तिने मला जेरीस आणलं. शेवटी म्हटलं, हे माझ्या हातात नाही, वरच्यांना विचारावं लागेल. गाडी तिथेच अडली. सर खूश! म्हणाले, समोरच्याला ताटकळत ठेवायची ही सगळ्यात जुनी युक्ती. फक्त वरचे खरोखर असावेत.
सगळे हसले. मी पाणी प्यायला बाहेर गेले.

बुधवार, १०
बाबा लिफ्ट दुरुस्त करून दमून आले, हात ग्रीसने काळे. नेमकं तेव्हाच विचारलं. (मुहूर्त पाहा माझा!) सही लागेल म्हटलं. शिवाय तिथे थंडी फार, भाषा येत नाही, खोलीत अनोळखी मुलगी — हेही एका दमात सांगून टाकलं. ते म्हणाले, बघू.
झालं! बघू म्हणजे नाहीच.
तरी जेवण गेलं नाही.

गुरुवार, ११
आत्याचा फोन. बाबा तिला विचारत होते म्हणे, पोरीला तिकडे किती स्वेटर लागतील. म्हणजे पाठवणार की काय! मी आत्याला म्हटलं, त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांकडे इथे कोण बघणार, तूच समजाव ना त्यांना.
"काय समजावू? पाठव म्हणून, की पाठवू नको म्हणून?"
रेंज जातेय म्हणून मीच फोन ठेवला.
बडबडीला मात्र सांगून मोकळी झाले, घरून परवानगी नाही. बिचारी इतकी हळहळली की मलाच रडू आलं.

शुक्रवार, १२
सकाळी उठले तर बाबा माझ्या टेबलाशी. चष्मा लावलेला, हातात पेन, फॉर्मची सगळी पानं वाचून झालेली.
"अगं, यात माझ्या सहीला जागाच नाही. एकच रेघ आहे, तुझी."
पेन फॉर्मवर ठेवून ते कामावर गेले.
मला सोमवारपासून माहीत होतं.