खारं पाणी

जळगाव, गुरुवार संध्याकाळ

ह्यांचे दोन समुद्री मासे मेले आणि मी सूनबाईला चारचौघांत अडाणी म्हटलं, म्हणून लिहिते आहे. काचेच्या टाकीच्या नळीचा सांधा गळत होता, त्यावर मिठाचा पांढरा थर धरायचा. दुरुस्ती टाळून मी तिला बजावलं, "पाणी उतरलं की खारं घाल."

"आत्याबाई, मी खारंच टाकं. इहीरनं."

आमच्या विहिरीचं पाणी खारं. मीही तसंच म्हणते. समुद्राचं म्हणायला काय झालं होतं मला?

आता नवं रबर घालून मी पान्यानं सांधा आवळला. तो पांढरा थर पुसताना मान वर होईना. उरलेल्या माशासाठी ह्यांनी मुंबईच्या किनाऱ्यावरून आणलेल्या पाण्याची बरणी तिच्यापुढे धरली.

"हाई कोनतं खारं शे?"

"समुद्राचं. चूक माझी."

बरणी आणि पाना सूनबाईच्या हवाली केला.