दोघींची खोली

मंगळवार, ३ तारीख

हलकी आहे म्हणे सॅक! कुणाला हलकी? नातीने दुकानात एका बोटावर तोलून दाखवली तेव्हा ती रिकामी होती, एवढं माझ्या टाळक्यात यायला नको? खांदे सोलून निघालेत. आणि हा लोंबणारा पट्टा पोटावर बांधायचा की छातीवर, ते अजून कळलेलं नाही. असो. पोचले बाई. एकटी पोचले. नातीने वही दिलीय, रोज लिही म्हणाली, म्हणून लिहिते. चौथीत शाळा सुटली, तेव्हा अक्षराला कुणी हसू नये.

खोली झकास आहे. दोन खाटा, मधे स्टूल, भिंतींना हिरवा रंग, न्हाणीघर आतच. खिडकीखाली सायकलवाल्याचं दुकान, दिवसभर उलट्या सायकलींची चाकं फिरवत बसतो. बसमधून उतरले तर रिक्षावाले माश्यांसारखे घोंगावले. म्हटलं, मला पाय आहेत. एकजण म्हणाला, आजी, पाय आहेत पण फार वापरलेत ते. हसू आलं, दाखवलं नाही. पत्ता विचारत विचारत चालत आले. लग्नाआधी बापाच्या मागे, मग नवऱ्याच्या मागे, मग मुलाच्या मागे. आज पुढे कुणी नव्हतं. रस्ता केवढा रुंद दिसतो!

खाटा दोन का, तेही लिहून टाकते. मुलगा एकटीला सोडेना. म्हातारी आई पाठीवर बोचकं टाकून फिरतेय, लोक मला काय म्हणतील, म्हणाला. सोबत असेल तर जा. मग मी सोबत तयार केली. सांगितलं, बागेत फिरायला येणारी एक बाई येतेय. अशी कुणी बाई नाही. विधवा आहे, मूलबाळ नाही, मागेपुढे कुणी नाही, असंही ठोकून दिलं, म्हणजे तिच्या घरच्यांचा नंबर कुणी मागायला नको. स्वभावाने गरीब आहे म्हटलं, तर सून म्हणाली, बरं झालं, तुम्हाला तशीच हवी होती. टोमणा कळला मला.

पोराशी खोटं बोलले याची लाज वाटते. पण बस सुटल्यावर जरा कमी वाटली.

बुधवार, ४ तारीख

मुलगा फोनवर तोंड बघून बोलतो. खोली दाखव म्हणणार हे ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्या खाटेवरची चादर चुरगाळली, उशीला मुठीने खळगा पाडला, चहाचा दुसरा कप अर्धा पिऊन स्टुलावर ठेवला. मावशी कुठायत, म्हणाला. न्हाणीघरातला नळ मी सोडूनच ठेवला होता. तिकडे तोंड करून ओरडले, अहो, झालं का तुमचं? तो बिचारा लाजला, असू दे, असू दे म्हणाला. फोन ठेवून पोट दुखेस्तोवर हसले. या वयात नाटक कंपनीत भरती व्हावं म्हणते.

दुपारी नदीच्या पुलापर्यंत गेले. पाठीवर माझ्यासारखीच सॅक घेतलेली एक तरुण मुलगी भेटली. एकट्या फिरता, भीती नाही वाटत? म्हटलं, माझीच लोकांना वाटते.

शुक्रवार, ६ तारीख

गाव बदललं. बसमध्ये मी एक तिकीट मागितलं तर कंडक्टरने शेजारच्या सीटकडे बोट केलं, यांचं? म्हटलं, चष्मा कर बाबा. तो पुटपुटत पुढे गेला. बस खच्चून भरलेली, बाया दांड्याला लोंबकळतायत, पण त्या सीटवर कुणी बसेना. जवळ यायच्या आणि माफ करा म्हणून मागे सरायच्या. माफ करा कुणाला म्हणत होत्या?

इथली खोली चुन्याच्या भिंतींची. मुलाचा फोन आला. चादर, उशी, कप, नळ, सगळं मांडून ठेवलं होतं. ओरडले, अहो, झालं का तुमचं?

आतून आवाज आला, हो, आलेच.

बारीक, गोड आवाज. मुलगा खूश. किती छान बोलतात मावशी, म्हणाला. फोन ठेवला. दार ढकललं. नळ चालू, आत कुणी नाही. शेजारच्या खोलीतली कुणी असेल म्हणून लॉजवाल्याला विचारलं. म्हणाला, शेजारी कुलूप आहे.

तेव्हाच मुलाला फोन करून सांगायला हवं होतं. नंबर लावला, कापला. काय सांगू? मी खोटी आहे, आणि माझ्या खोट्याने ओ दिली?

रविवार, ८ तारीख

सुनेचा फोन. मला नव्हता. मावशींना द्या म्हणाली.

काल मी आंघोळीला गेले तेव्हा मावशींनी फोन उचलला म्हणे. बराच वेळ बोलल्या. सुनेच्या कंबरेची चौकशी केली. शेकत जा, वाकून उचलू नकोस, म्हणाल्या. नातीला परीक्षेचं विचारलं. सून म्हणाली, आई, रागावू नका, पण कुणी असं आपुलकीने विचारलं की रडूच येतं हो.

सांगणार होते. अगं, अशी कुणी नाहीच. जीभ उचलेना. एका चुलीवर इतकी वर्षं काढली, तिची कंबर दुखते हे मला दिसत होतं. दिसत होतं, आणि मी म्हणत होते, ओटा पुसायचा राहिलाय. माझी खोटी बाई दोन दिवसांत शिकली ते मला जन्मात जमलं नाही. भीतीच्या आधी लाज आली.

आज दुसरी खाट मी चुरगाळली नव्हती. उशीत खळगा आहे. हात लावला. ऊब आहे.

सोमवार, ९ तारीख

एका खाटेची खोली मागितली. लॉजवाला म्हणाला, आणि त्या कुठे झोपणार? त्यांनी तर सकाळीच सांगून ठेवलं, दोघींचीच राहू दे, हिला एकटं वाटतं.

हिला. म्हणजे मला.

झाडूवाली आली. परवापर्यंत मला आजी म्हणत होती. आज म्हणाली, मावशी, पाय वर घ्या. आणि रिकाम्या खाटेकडे बघून हसली, आजी, तुमची खाट नंतर झाडते, पडा निवांत.

सॅक भरली. दारापर्यंत गेले, परत आले. घरी जाऊन तरी काय सांगणार? एकटीला झेपलं नाही? मुलगा काही बोलणार नाही. नुसता बघेल. तेच नको.

मंगळवार, १० तारीख

सांगितलं.

मुलाचं तोंड फोनवर दिसल्याबरोबर सांगून टाकलं. बाई नाही, मावशी नाही, मी खोटं बोलले, एकटीच आलेय, मला घेऊन जा. लाज टाकून सांगितलं. रडलेसुद्धा — मी, नवरा गेला तेव्हाही न रडलेली.

तो नीट ऐकत होता. मग म्हणाला, मावशी, असं का बोलताय? आईशी भांडण झालं का? ती तोडून बोलते, मनावर घेऊ नका. जरा तिला देता फोन?

माझ्याच तोंडाकडे बघून म्हणाला.

मागून हात आला. हातावर भाजल्याचा डाग — माझा डाग, माझ्या हातावरचा. फोन घेतला. माझ्या आवाजात बोलली. आधी त्याला झापलं, माझ्यासारखंच. मग सुनेला दे म्हणाली. मग हसली. मी कधी अशी हसले नाही. तिकडे सगळे हसत होते. मुलगा म्हणाला, आई, बाहेर पडलीस आणि किती बदललीस गं. उद्या न्यायला येतो.

मग मला विचारलं, मावशी, तुम्हाला न्यायला कुणी आहे ना? आणि मग त्यालाच आठवलं. हो, तुमचं कुणी नाही, आई म्हणाली होती.

बुधवार, ११ तारीख, सकाळ

आवाज जातोय. झाडूवालीला चालती हो म्हणणार होते — तोंडातून आलं, हो, आलेच. पुन्हा तोंड उघडलं. हो, आलेच. बारीक. गोड.

दुसरं काही येत नाही.

ती माझे कपडे घडी करतेय. माझी खाट कुठली — या खाटेला खळगा नाही. बसले तरी पडत नाही.

दुपार

गाडी आली. खिडकीतून दिसला. सुनेलाही आणलंय — कमरेला हात लावून उतरली. मी बघतेय, बाई, मला दिसतंय, ये वर, पाठ शेकून देते — हे मोठ्याने म्हणायचं होतं. कधीपासून म्हणायचं होतं.

जिन्याशी थांबलाय. लहानपणापासून तसाच, आधी खालून हाक मारणार. ती दारात उभी. ओलांडू देत नाही.

आई, अशी हाक मारली.

तिने तोंड — थांब. हात अजून माझा आहे. लिहून तुझ्यापुढे धरतेय, वाच. खोटी म्हणून उभी राहीन त्याच्यासमोर, चारचौघांत, चालेल मला. सगळी लाज माझी. पण तो माझा आहे. परत हाक मारतोय. ओ मी द्यायची. तू नाही. ऐकलंस? तोंड मिटून उभी राहा — त्याला ओ मीच —