फ्लॉरेन्सची तयारी, मुक्काम मुठा

२ फेब्रुवारी १९५८, रविवार
आजपासून रोजनिशी. परदेशी जाणारे लोक ठेवतात. माझं जाणं अजून ठरलेलं नाही, पण ती केवळ औपचारिक बाब आहे.

पुण्याच्या एका पुराणवस्तू मंडळाची जाहिरात आली आहे. कला आणि अँटिक यांच्या अभ्यासासाठी तीन आठवडे फ्लॉरेन्स. बोटीने, मंडळाच्या खर्चाने. खेड्यातल्या माणसासाठी एक सीट राखीव. अट एकच. घरातली शंभर वर्षांपूर्वीची एक वस्तू सोबत न्यायची, ती तिथल्या प्रदर्शनात मांडणार. आमच्या माळ्यावर खापरपणजोबांची पितळी समई पडून आहे. शिवाय तालुक्यात कला कळणारा माणूस मी एकटाच. अर्ज टाकला.

बायकोला सांगितलं. चंद्राबाई म्हणाली, तितं जुनी भांडी बघाया जायचं, तर आपलं भांडं कशापायी न्यायचं? उत्तर दिलं नाही. असल्या प्रश्नांना युरोपात उत्तर देत नाहीत.

३ फेब्रुवारी
निश्चय: रोज इटालियनची पाच पानं. जेवण काट्या-चमच्याने. चहा कमी.

४ फेब्रुवारी
इटालियन दीड पान. पुस्तक सुमार आहे. भाकरीला काटा लागत नाही. भाकरीत दोष. चहा तीन वेळा, पण उभ्याने.

९ फेब्रुवारी, सकाळ
वस्तू बघण्याचा सराव. म्युझियममध्ये सुसंस्कृत माणूस एकेका वस्तूसमोर दहा मिनिटं स्तब्ध उभा राहतो, मान जरा तिरकी. रांजणासमोर उभा राहिलो. चौथ्या मिनिटाला चंद्राबाईने ओवा आणून दिला. वरच्या वाडीवरची पारू दूध घालायला आली होती. तिने विचारलं, दादांच्या पाटीत उसन भरलीया का? विधवा बाई, एक म्हैस, डोंगरावरचं खोपट. तिला काय सांगणार? या लोकांत राहून माझी दृष्टी शाबूत राहिली, हेच नवल.

१५ फेब्रुवारी
समई खाली काढली. काळीकुट्ट. अशी घेऊन गेलो तर तिथले लोक विचारतील, हिंदुस्थानात चिंच पिकत नाही का? चंद्राबाई म्हणाली, जुनी मागितलीया न्हवं त्यांनी, मग नवी कशापायी करताय? अडाणीपणा. तिच्या हाती दिलीच नाही. चिंच, राख, विटेची भुकटी घेऊन स्वतः तीन तास घासली. काळं सगळं गेलं. वरच्या मोराच्या पिसांची नक्षीही बरीच गेली, पण तीही काळीच होती.

१६ फेब्रुवारी
स्नान करताना एक मोठी गोष्ट सुचली. प्रदर्शनात शंभर समया असतील. लग्नघरात भांडी बदलतात, तशी बदलली तर? मी फ्लॉरेन्सहून कुणा भलत्याची समई घेऊन यायचो. नाव घालून घेतलं पाहिजे. पुण्यातल्या शहाण्यांच्या हे लक्षातही आलं नसणार.

१९ फेब्रुवारी
पौडला जाऊन नाव घालून आणलं. ‘हैबतराव बापूराव शेडगे, मु. मुठा, सन १९५८’. ठळक, दर्शनी भागावर. नाव घालणाऱ्याने विचारलं, कुनाच्या लग्नाचा आहेर हाय? परदेशी चालली आहे म्हटलं. मग ‘सप्रेम भेट’ बी घालू का, म्हणाला. जागा उरली नव्हती, नाहीतर घातलंच असतं त्याने.

२७ फेब्रुवारी
मंडळाचं पत्र. चिटणीस जयसिंगराव ९ मार्चला वस्तू पाहायला येणार. म्हणजे सीट मिळाली. इटालियन तूर्त बंद. तिथे गेल्यावर कानावर पडेलच.

२ मार्च, रविवार
शाळेत माझा निरोपसमारंभ. हेडमास्तरांना तीनदा सुचवावं लागलं. शाल आणि नारळ मीच नेले होते. ‘खेडवळांना सौंदर्य का दिसत नाही’ यावर पाऊण तास बोललो. अर्धी पोरं झोपली. मुद्दा आपोआप सिद्ध झाला.

९ मार्च, रविवार, दुपार
जयसिंगराव आले. समई मुद्दाम उन्हात ठेवली होती. त्यांचे डोळे दिपले. जवळ जाऊन नाव वाचलं, सन वाचला, मग विचारलं, ही नवी छान आहे, जुनी कुठे ठेवलीय? हीच जुनी, घासून काढली, म्हटलं. उरल्यासुरल्या नक्षीवरून बोट फिरवलं. म्हणे, तो काळा थर म्हणजेच तिचं वय होतं, आता त्याला इलाज नाही. मळाला वय म्हणणारा माणूस चिटणीस कसा झाला, ते त्याचं मंडळ जाणे. चहा मात्र दोन कप प्याले.

जाताना माझ्याच बायकोने त्यांना सांगितलं की पारूच्या घरी देवाचा मुखवटा हाय, लई जुना. पारू त्यांना वर घेऊन गेली. मी गेलो नाही. चढ आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ
जयसिंगराव उतरले ते घाम आणि आनंद यांनी निथळत. मुखवटा अडीचशे वर्षांचा तरी आहे म्हणे. मी पाहिलाय तो. तेल-शेंदराने माखलेला, नाक कुठलं न् डोळा कुठला पत्ता लागत नाही. सीट पारूच्या घराला.

मी शांतपणे तोड सुचवली. मुखवटा पारूचा, माणूस मी. जयसिंगरावांना पटलं. पारूला पटलं नाही. म्हणाली, “द्येव एकला कुटं जात न्हाई. रोज त्याला अंगुळ कोन घालनार, निवद कोन दावनार? दादांच्या हाती दिला तर चिच लावून सोलून काडतील. त्यो जानार आसंल तर मी बी जाईन.”

जयसिंगराव हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

१० मार्च
रात्रभर झोप नाही. पण पहाटे ध्यानात आलं. पारूची म्हैस. तिच्याशिवाय कुणाला धार काढू देत नाही. म्हैस सोडून पारू जाणार नाही. म्हणजे जाणार मीच.

१२ मार्च
चंद्राबाईने पारूला शब्द दिला. म्हशीचा घोर करू नगं, आमचं हे हायेत की, त्यास्नी दुसरं काय काम हाय? मला विचारलं नाही. तोंडावर नकार देणार होतो, पण पारूच्या सीटचे कागद घेऊन पुन्हा आलेले जयसिंगराव समोरच बसले होते. ‘आनंदाने,’ असं म्हणालो.

२८ एप्रिल
पारूचा पासपोर्ट आला. सहीच्या जागी अंगठा. युरोप पूर्वीचं राहिलं नाही असं ऐकून होतो, ते खरं असावं.

४ मे, रविवार
पारू गेली. मुखवटा नव्या फडक्यात बांधून पोटाशी धरलेला. एस.टी.पाशी अख्खं गाव. हेडमास्तरांनी न सुचवता भाषण केलं, चार वाक्यांत. पोरं जागी होती. मला खूप वाईट वाटलं. हे इथेच लिहितो.

५ मे
म्हशीने पान्हा सोडला नाही. बादली आणि मी दोघेही शेणात. जनावराकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

६ मे
पुन्हा तेच. चंद्राबाई म्हणते, म्हस वास वळखतीया, पारूचं लुगडं नेसून बसा. साफ नकार. मी शेडगे आहे.

७ मे
म्हैस रात्रभर हंबरत होती. सड तटतटले आहेत. मुकं जनावर मेलं, तर पारू येऊन काय म्हणेल?

८ मे, पहाटे
पारूचं हिरवं लुगडं नेसलो. पदर डोक्यावरून, तोंडाभोवती. म्हशीने वळून हुंगलं आणि पान्हा सोडला. अडीच शेर दूध. जाऊन-येऊन बोटीचे दिवस धरता असं दोन महिने.

धार काढत असताना वाटेवरून गावातला कोंडीबा चालला होता. उजाडलं नव्हतं. लुगडं पाहून थांबला आणि म्हणाला, “पारू, तू गेली न्हाईस व्हय परदेशाला?”

बोललो असतो तर आवाज ओळखला असता. पदराआडून मान हलवली, नाही म्हणून.